काकांच्या हाताला गुण

माझी बायको आमदार आहे, हे मी दुकानात कुणाला आपणहून सांगत नाही. तशी वेळच येत नाही. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक मशीनवर हनुवटी टेकवतं, मी म्हणतो, "खालची ओळ वाचा," आणि ते म्हणतं, "बाईंच्या कानावर घाला ना जरा, आमच्या गल्लीतला दिवा..."

"आधी ओळ वाचा," मी म्हणतो.

आमदार होण्याआधी ती पाणीखात्यात इंजिनियर होती आणि तिचं काम एकच, गळती शोधायची. शहराला सोडलेलं निम्मं पाणी घरापर्यंत पोचतच नाही, हे तिने मोजून दाखवलं. वरिष्ठांना ते नको होतं, म्हणून तिची बदली झाली. तिथेही तिने तेच मोजलं. खात्यात तिला 'गळतीबाई' म्हणायचे आणि तिला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नसे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो, तेव्हा हॉटेलच्या न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. ती मॅनेजरला बोलावून वॉशर कसा बदलायचा ते समजावत बसली आणि मी गच्चीत एकटाच डोंगर बघत बसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई सार्वजनिक आहे.

ती निवडणुकीत उतरली ती शहराबाहेरच्या दगडखाणीमुळे. तिथे सगळ्या शहराचा कचरा टाकायचं ठरत होतं, आणि त्याच खाणीखालून विहिरींचं पाणी वाहतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने नकाशे काढले, सभा घेतल्या. आजूबाजूच्या वस्त्यांनी तिला डोक्यावर घेतलं आणि उभं केलं. नोकरी सोडून ती उभी राहिली.

तेव्हा तिच्याकडे एक पीए आला. काळासावळा, चुणचुणीत मुलगा. कुठलीही गोष्ट ऐकली की त्याच्या तोंडून आधी मथळा बाहेर पडायचा, म्हणून घरात आम्ही त्याला 'मथळा'च म्हणायचो. प्रचारपत्रकासाठी तो तिचा परिचय लिहायला बसला. पाणीखात्यातली सगळी वर्षं तिने सांगितली, त्याने निमूट ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, राग मानू नका. गळतीवर कुणी मत देत नाही. तुमचे वडील काय करायचे?"

"दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या."

मथळाने पेन उचललं. "दुरुस्तीवाल्याची मुलगी," तो हळूच म्हणाला, एखाद्याने देवाचं नाव घ्यावं तसा.

मग तिने त्याला टेबललॅम्पची गोष्ट सांगितली. ती शाळेत असताना तिच्याकडे हिरव्या टोपीचा एक लॅम्प होता. तो बिघडला की बाबा दुकानात घेऊन जायचे आणि संध्याकाळी तो पुन्हा लखलखीत पेटायचा. त्याच लॅम्पखाली ती इंजिनियरिंगपर्यंत शिकली. पुढे कंपन्यांनी सुटे भाग देणं बंद केलं आणि बाबांचं दुकान बसलं. वस्तू फेकायच्या नसतात, हे मी घरात शिकले, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज जरा दाटायचा. ते नाटक नव्हतं. तिला खरंच तसं वाटायचं.

पत्रकात पाणीखात्याला अर्धी ओळ मिळाली, लॅम्पला अर्धं पान. ती दणदणीत मतांनी निवडून आली.

आता बाबांविषयी. माझे सासरे उंच, देखणे, बोलायला गोड. दुकान दुसऱ्या शहरात होतं. ते बंद झाल्यावर सासूबाईंना घेऊन ते आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले. त्यांचं दुकान मी पाहिलेलं नव्हतं. पण सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता बोलून गेल्या होत्या, "यांच्या दुकानात वस्तू यायच्या हो भरपूर. जायच्या नाहीत." मी हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

आमदार झाल्यावर बायकोने दुरुस्ती विधेयक हाती घेतलं. कंपन्यांनी दहा वर्षं सुटे भाग विकलेच पाहिजेत, आणि प्रत्येक तालुक्यात सरकारी दुरुस्ती केंद्र असलं पाहिजे. विधानसभेत लोक हसले. विरोधी बाकांवरचे एक ज्येष्ठ आमदार होते, त्यांच्या भावाची घरगुती उपकरणांची मोठी एजन्सी होती. ते म्हणाले, "ताई, लोकांना नवं हवं असतं. दुकानदारांच्या पोटावर पाय का देता?" शेवटी ठरलं की एक केंद्र तिच्याच मतदारसंघात प्रयोग म्हणून काढावं आणि वर्षभराने सभागृहाच्या समितीने येऊन बघावं.

बंद पडलेल्या पोस्टाच्या इमारतीत केंद्र सुरू झालं. कारागीर नेमायचा होता, पण सरकारी भरती सरकारी वेगाने चालली होती. मथळा म्हणाला, "उद्घाटनाला काकांना बसवू या. एक दिवस. एक फोटो."

बाबांनी आधी आढेवेढे घेतले. "अगं, वय झालं माझं. हात थरथरतात."

"बाबा, फक्त टेबलामागे बसायचं. हातात स्क्रूड्रायव्हर धरायचा."

स्क्रूड्रायव्हर धरून ते इतके शोभले की फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात रांग होती. लोकांच्या हातात मिक्सर, केटल्या, केस वाळवायची यंत्रं, टेबलफॅन. बायको अधिवेशनाला गेलेली, मथळा तिच्याबरोबर. शिपायाने बाबांना फोन लावला. "काका, माणसं खोळंबलीत." नाही म्हणणं हे माझ्या सासऱ्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. ते शर्ट चढवून गेले.

रांगेत पहिला होता शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याचा मिक्सर घुर्र घुर्र करायचा पण फिरायचा नाही. बाबांनी तो उघडला, आत बघितलं, आणखी उघडला, कुठलीतरी वायर कुठेतरी जोडली आणि बटण दाबलं. एक ठिणगी उडाली, धूर निघाला, आणि त्यानंतर मिक्सरने घुर्रही केलं नाही. हे सगळं ड्रायव्हर मुलांना सोडायला गेला असताना झालं.

त्या दुपारी माझ्या दुकानात फोन आला. "जावईबापू, गाडी मोकळी आहे का?"

मी त्यांना घेऊन उपकरणांच्या दुकानात गेलो. वाटेत ते म्हणाले, सुटे भाग घ्यायचेत. परत आले तेव्हा हातात एक खोकं होतं आणि खोक्यावर मिक्सरचं भलंमोठं चित्र होतं. मी खोक्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"बराच मोठा भाग आहे," मी म्हणालो.

"चला घरी," ते म्हणाले.

घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बाबांनी नवा मिक्सर बाहेर काढला, तारेच्या घासणीने त्याच्या कडा हलक्या हाताने खरवडल्या, चहाच्या चोथ्याने बटणांच्या फटी रंगवल्या, जुन्याचं भांडं नव्यावर बसवलं आणि सगळ्यात शेवटी वायरीला मधोमध काळी चिकटपट्टी गुंडाळली. हे करताना त्यांचा हात जराही थरथरला नाही.

"ही पट्टी कशाला?" मी विचारलं.

"दुरुस्ती दिसायला नको का?"

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "सवय आहे त्यांना," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

"तिला सांगू नका," बाबा म्हणाले. "एवढी एकच वेळ."

संध्याकाळी ड्रायव्हरने मिक्सर चालवून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "काका, नव्यासारखा चालतोय हो!"

"नव्यासारखाच," बाबा म्हणाले.

एवढी एकच वेळ असं ते दुसऱ्या वेळीही म्हणाले, तिसऱ्या वेळीही. पुढे म्हणेनासे झाले. दुकान विकून आलेले पैसे त्यांच्याकडे होते आणि सासूबाईंच्या मते ते असेही कुठल्यातरी मूर्खपणातच जाणार होते. दुकानदार शहाणा होता. त्याच्याकडे मागच्या वर्षीचे न खपलेले मॉडेल पडून होते, ते त्याने काकांसाठी बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. मला बघितलं की तो एक डोळा बारीक करायचा. मी मूग गिळून गप्प बसायचो. का बसलो? एक तर गाडी माझी होती. आणि दुसरं, संध्याकाळी लोक वस्तू न्यायला यायचे तेव्हा बाबा कसे बसलेले असायचे, ते मी बघितलं होतं. ताठ. बापासारखे ताठ.

लोक म्हणायला लागले, काकांच्या हाताला गुण आहे. ही तारीफ एरवी डॉक्टरांची होते. काळ्या पट्टीची तर कथाच झाली. ज्याच्या घरातल्या वायरीला काळी पट्टी, तो ती अभिमानाने दाखवायचा. एका बाईंनी चांगला चालू पंखा आणला, म्हणाल्या, "बिघडलेला नाही, पण काकांचा एकदा हात फिरू दे." बाबांनी त्याला नुसती पट्टी लावून दिली. माझ्या मते वर्षभरात त्या केंद्रात झालेलं ते एकमेव प्रामाणिक काम.

बायकोला या सगळ्यातलं काही माहीत नव्हतं. ती सभागृहात उभी राहून सांगायची, "माझे वडील या वयात एकही वस्तू परत पाठवत नाहीत." हे अक्षरशः खरं होतं. कुठलीच वस्तू परत जात नव्हती.

वर्ष झालं आणि समिती आली. तिच्यात ते विरोधी ज्येष्ठही होते. केंद्र बघितलं, लोकांशी बोलले. प्रत्येक जण शपथेवर सांगायला तयार. ज्येष्ठ म्हणाले, "ठीक आहे, लोक खूश आहेत. पण दुकानदार मेला असेल त्याचं काय?" आणि सगळी समिती घेऊन ते थेट उपकरणांच्या दुकानात गेले.

"खरं सांगा," त्यांनी दुकानदाराला विचारलं. "या केंद्राने तुमचा धंदा किती बुडवला?"

"बुडवला?" दुकानदार म्हणाला. "साहेब, इतका माल माझ्या बापजन्मी खपला नव्हता."

"असं कसं?"

"ते आपण मोठी माणसं, आपणच अभ्यास करा."

त्यांनी केला. समितीच्या अहवालात लिहिलं गेलं की दुरुस्तीची सवय लागलेल्या नागरिकांचा वस्तूंवरचा विश्वास वाढतो आणि त्यामुळे नव्या वस्तूंची विक्रीही वाढते. परदेशातल्या एका प्राध्यापकाने म्हणे हा निष्कर्ष मागवून घेतला. बायको अहवाल रात्री जेवताना मला वाचून दाखवत होती. माझा घास घशात अडकला.

"पाणी पी," ती म्हणाली. "बघ, मी म्हणत नव्हते?"

फोडलं शेवटी सासूबाईंनी, आणि तेही त्यांच्या पद्धतीने. त्यांच्या घराची मागची खोली मेलेल्या मिक्सरांनी इतकी भरली होती की दार लोटावं लागायचं. शेवटचे पंखे त्यांच्या पलंगाखाली आले, तेव्हा त्यांनी लेकीला फोन केला. मुलगी आमदार, वेळ नाही, ये म्हटलं तर मथळा येईल, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या फक्त म्हणाल्या, "अगं, सिंकखाली गळतंय."

बायको अर्ध्या तासात पाना घेऊन हजर. मी मागोमाग. सिंकखाली ती वाकली, हात फिरवला. "कोरडं आहे, आई."

"मुख्य नळ बंद करून बघ ना. मागच्या खोलीत आहे."

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले.

तिने दार लोटलं. आतून एक केटली गडगडत आली आणि तिच्या पायाशी थांबली. ती बराच वेळ दारातच उभी होती. मग आत गेली, एक मिक्सर उचलला, उलटा केला, त्याचा जळलेला वास घेतला. दुसरा उचलला. त्यावर चिठ्ठी होती: बस ड्रायव्हर, संध्याकाळी देणे.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "यातलं तुम्ही काय दुरुस्त केलंत?"

"प्रयत्न सगळ्यांवर केला."

"झालं काय?"

"एक इस्त्री झाली होती. पण तिचा प्लगच सैल होता."

ती खाली बसली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. तिचा चेहरा पाणीखात्यात आकडे जुळवतानाचा झाला. "दुकानदाराची विक्री," ती पुटपुटली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुझी गाडी."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अगं, मला काय माहीत एवढं वाढेल," बाबा म्हणाले. "आयुष्यभर लोक माझ्या दुकानातून तोंड पाडून गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी पैसे परत मागितले. इथे पहिल्यांदा माणूस जाताना हसत गेला. मला वाटलं, अजून एक दिवस. दुरुस्ती-बिरुस्ती तुझी कल्पना, बाई. मला विचारशील तर ज्याला परवडतं त्याने नवंच घ्यावं. मी दुकान काढलं कारण आम्हाला परवडत नव्हतं."

मग एकदम तिने मान वर केली. "बाबा, माझा लॅम्प?"

सासूबाईंनी पदार्थ करपत असल्यासारखं आत बघितलं, पण गॅसवर काहीच नव्हतं.

"हिरव्या टोपीचा," ती म्हणाली. "तो तुम्ही दुरुस्त करायचात ना?"

"पहिल्यांदा केला," बाबा म्हणाले. "तेव्हा तुला झटका बसला होता. आठवतं? मग मी म्हटलं, पोरीच्या जिवाशी खेळ नको. नवीन आणत गेलो. ते मॉडेल कुठेकुठे शोधायला लागायचं. एकदा तर टोपी निळी मिळाली, मी रंगवून घेतली."

सवय आहे त्यांना, असं सासूबाई का म्हणाल्या होत्या, ते मला आत्ता कळलं. माझ्या बायकोचं सगळं राजकारण, सगळी भाषणं, ते विधेयक एका लॅम्पवर उभं होतं, आणि तो लॅम्प कधीच एक नव्हता. तिला रडू आलं असावं, पण ती बेसिनवर तोंड धुवायला गेली त्यामुळे नक्की सांगता येत नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "त्याच्यासाठी पैसे कुठून आणायचात?"

"ते कशाला आता," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने मेलेली सगळी उपकरणं गाडीत भरून सरकारमान्य भंगार केंद्रावर स्वतः नेऊन दिली. लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिथे कुणीतरी फोटो काढला. सकाळी वर्तमानपत्रात ती दोन्ही हातांत मिक्सर धरून उभी: 'जनतेचा कचरा स्वतः उचलणारी आमदार'. मथळा आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. तिने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण एका मिनिटापुरताच.

"मॅडम, सभागृहात मतदान पुढच्या आठवड्यात आहे. ते झालं की बघू. आत्ता बोललात तर विधेयक गेलं."

"दाबलेली गळती मी जन्मभर शोधत आले," ती म्हणाली. "आता स्वतः दाबू?"

"मॅडम, पाणी वेगळं, माणसं वेगळी."

तिने ऐकलं नाही. केंद्राच्या आवारात सभा बोलावली. काका काहीतरी सांगणार म्हणून सगळं शहर लोटलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. आदल्या रात्री ते तिला म्हणाले होते, "बोल तू. मी उठून खरं आहे म्हणेन. तेवढं तरी करतो." हा मला त्यांचा मोठेपणा वाटला.

ती उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता बोलली. या केंद्रात जवळजवळ काहीच दुरुस्त झालेलं नाही. तुमच्या घरात आहेत त्या नव्या वस्तू आहेत. माझ्या वडिलांनी स्वतःच्या खिशातून आणलेल्या. हेतू चांगला होता, पण फसवणूक ती फसवणूक. मी माफी मागते.

मग बस ड्रायव्हर उठला. तो मिक्सर बरोबर घेऊनच आला होता.

"बाई, हा नवा आहे म्हणता?"

"हो."

"नव्याच्या वायरीला पट्टी असते का?"

लोक हसले. मागून एक बाई म्हणाल्या, "आणि हे खरवडलेलं? दुकानात खरवडलेला देतात होय?"

"ते त्यांनीच खरवडलंय," बायको म्हणाली.

आता मात्र कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, "काकांवर हा काय आरोप?" ती बाबांकडे वळली. बाबा उठले. थोडे वाकले होते. त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "ती खरं बोलतेय. मला दुरुस्ती येत नाही. कधीच आली नाही."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

असा की पोस्टाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "बघा, एवढा गुणी माणूस आणि किती साधा!" लोक उभे राहिले. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबा "अहो, खरंच येत नाही" म्हणत होते आणि जितकं म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. एक म्हातारा माझ्या बायकोसमोर येऊन म्हणाला, "बाप आहे तो. मतांसाठी बापाला असं चारचौघांत बोलायला लावतेस?"

तिच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण तिला असं भोवलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: 'आमदाराकडून जन्मदात्याचा जाहीर अपमान'. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं ओळ वाचायच्या आधीच माझ्याकडे रोखून बघायला लागली. दुकानदाराला पत्रकारांनी गाठलं, तर तो म्हणाला, "काका माझ्याकडे यायचे, गप्पा मारायला."

मतदानाच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो होतो. तिने सभागृहातही तेच सांगितलं: समितीचा निष्कर्ष चुकीचा आहे, प्रयोग फसला आहे. पण सुटे भागच मिळत नसतील तर कारागीर काय करणार, म्हणून कायदा तरीही हवा. बाजूच्या सदस्यांनी डोक्याला हात लावला. मग विरोधी बाकांवरून ते ज्येष्ठ उठले. वर्षभर विधेयकाला पाण्यात बघणारा हा माणूस. मला वाटलं, झालं.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "मी स्वतः त्या वयोवृद्ध कारागिराला भेटलो आहे. त्यांचे हात पाहिले आहेत. आज त्यांच्या पोटची मुलगी या सभागृहात त्यांचं कर्तृत्व नाकारते, हे ऐकून मान खाली जाते. ताईंना आपल्या वडिलांची किंमत नसेल, आम्हाला आहे. त्यांच्या सन्मानार्थ आमचा पक्ष या विधेयकाला पाठिंबा देत आहे."

बाकं वाजली. विधेयक एकमताने मंजूर झालं. बाक न वाजवणारी ती एकटीच होती. मथळा नंतर म्हणाला, "मॅडम, मी एवढं डोकं लावूनही हे सुचलं नसतं."

पुढची निवडणूक ती जिंकली, पण काठावर. केंद्राभोवतीच्या वस्त्यांनी तिला पाडायचा चंग बांधला होता. पक्षाने तिला कुणालाच नको असलेल्या पाणीपुरवठा समितीवर टाकलं. त्या दिवशी ती घरी गाणं गुणगुणत आली.

कायद्यानुसार केंद्रात खरी कारागीर आली. तंत्रशाळेतून शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. तिच्याकडे आता सुटे भाग असतात आणि आलेल्या वस्तूंपैकी निम्म्या ती सुरू करते. बाकीच्यांना सरळ परत पाठवते. लोक नाराज आहेत. म्हणतात, शिकलेली असेल, पण काकांच्या हातात जे होतं ते तिच्या हातात नाही.

बाबा मध्यंतरी घरचा टेबलफॅन घेऊन तिच्याकडे गेले. स्वतःच्याच केंद्रात रांगेत उभे राहिले. येताना माझ्या दुकानात टेकले, पंखा काउंटरवर ठेवला.

"झाला का?" मी विचारलं.

"नाही. मोटर गेलीय म्हणाली." त्यांनी घाम पुसला. "पण जावईबापू, मी तिथे तासभर बसलो. ती पोरगी माणसाच्या तोंडावर सांगते, 'हे होणार नाही.' बस. लोक चडफडतात, बडबडतात. ही त्यांच्याकडे बघते, पुढच्याला बोलावते. दुपारी जेवणाची वेळ झाली की डबा उघडते आणि आरामात जेवते." ते पंख्याची वायर गुंडाळायला लागले. "मला वाटायचं, तसं म्हटलं की काहीतरी होतं."

"काय होतं?"

"काहीच होत नाही," ते म्हणाले, आणि मागच्या खुर्चीत पाय लांब करून बसले.